पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "पेपरात-बिपरात नको हं," असं तुम्ही आधीच बजावलंय.

पावसाळ्यात मी दुकानात आले तेव्हा पिशवीत दहाच्या नाण्याएवढ्या चार पिझो चकत्या होत्या, कंपनाची वीज करणाऱ्या. माझं काम काय, हे सांगताना मी नेहमीसारखी अडखळले. अंगातले आवाज, म्हणजे श्वास, गिळणं, गुडघ्याची कटकट, स्पीकरवर मोठे करायचे आणि त्यांवर हालचाल बसवायची. घरी विचारतात, "म्हणजे नाच की गाणं?" तुम्ही विचारलंत, "इनपुट किती ओहमचं आहे?"

चकती ज्यात जोडायचे त्याचं इनपुट दहा किलोओहमचं होतं; चकतीसाठी एवढा अडथळा फारच कमी. तुम्ही पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केलीत. चकतीची धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, साधारण २० नॅनोफॅरड, म्हणजे ८०० हर्ट्‌झच्या खालचे, म्हणजे खर्जातले आवाज गळतायत. हृदयाचे ठोके तर बहुतेक १५०च्या आतच. सहा महिने मी ज्या आवाजाच्या मागे होते तो माझ्याच जोडणीत मरत होता आणि मी आपली छातीवर चकतीची जागा बदलत बसले होते! एक एफईटी, म्हणजे जास्त ओहमचं इनपुट देणारा ट्रान्झिस्टर, दहा लाख ओहमचा रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, साबणाची डबी. झालं.

अ‍ॅडॅप्टर लावू का, असं विचारलं तेव्हा मात्र ओरडलात. "अंगाला चिकटवायची वस्तू भिंतीतल्या करंटवर चालवायची नाही." ५० हर्ट्‌झची भिंतीतल्या विजेची गुणगुण निम्मी बॅटरीमुळेच गेली, उरलेली शील्डच्या, म्हणजे जाळी गुंडाळलेल्या वायरीनं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही हेडफोन लावून माझे ठोके ऐकलेत आणि तुमची बोटं काउंटरवर चालू लागली. "आठ मात्रा आहेत की. तीन आणि पाच." भजनात पखवाज वाजवणारा कान तो! लहानपणापासून मी धकधक सारख्या अंतरानं म्हणत आले; 'लब' या पहिल्या आवाजापासून 'डब' या दुसऱ्यापर्यंत कमी वेळ आणि डबनंतर जास्त, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग तुम्ही मला दोनदा जिना चढून यायला लावलंत. धापा टाकत चकती लावली. पहिलं अंतर थोडंसंच कमी झालं होतं, दुसरं मात्र चांगलंच आटलं होतं. "आता चार-चार," तुम्ही म्हणालात आणि गिऱ्हाइकाला सोल्डर द्यायला वळलात.

नवं सादरीकरण त्या जिन्यावरूनच उभं राहिलं. आधी स्वस्थ बसायचं, मग जागच्या जागी धावायचं, पाचाचे चार होईपर्यंत, आणि पुन्हा पाच परत येईपर्यंत लोकांसमोर नुसतं उभं राहायचं. त्या उभं राहण्याची मला अजून भीती वाटते. घुंगरू बांधणार होते, ते काढून टाकले. मध्ये यायला लागले.

डबीचा स्विच पुन्हा सैल झालाय. शनिवारी घेऊन येते. या वेळी चहावर भागवू नका, पैसे घ्या.

तुमची,
चकत्यावाली