तात्यांचा डबा

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडली होतीस. कॉलेजच्या एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, निम्मी पोरं सर्टिफिकेटसाठी येतात, सेवेचे दोन वर्षांचे 240 तास भरले की गायब. मग हळूच म्हणालीस, "मी तरी कशासाठी जाते कुणास ठाऊक." तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं राहिलं, म्हणून लिहितोय.

मी सातवीत असताना तुझ्या आजोबांचा पाय मोडला. मृग लागलेला, घेवड्याचं रान तसंच पडलेलं. आजीनं कुणापुढं तोंड वेंगाडलं नाही. भावकीतल्या दोघांनीच इर्जिक घालायचा, म्हणजे सगळ्यांनी आपापली औतं आणून एकाचं रान करून द्यायचा, सांगावा गावात फिरवला. दुसऱ्या दिवशी उजाडायला आठ औतं रानात हजर. इर्जिकीला मजुरी नसते, संध्याकाळी जेवण, तेही मटणाचं. आजीनं बोकड उधारीवर आणला. काही जण मटणासाठीच आले होते, हे मी शपथेवर सांगतो. एका चुलत्याचं औत दिवसभर रेंगाळलं, पंगतीत मात्र पहिलं ताट त्याचं.

माझ्या लक्षात राहिले ते बांधापलीकडचे तात्या. बांध कोरण्यावरून त्यांचं आणि आजोबांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. बैल घेऊन आले, त्याच बांधाकडेच्या पट्ट्यात गुमान कुळव धरला आणि न जेवता निघाले. आजीनं मला डबा घेऊन त्यांच्या मागं पिटाळलं. मी विचारलं, "तात्या, तुम्ही कसे काय आलात?" म्हणाले, "सगळ्या गावाची बैलं तुमच्या रानात. माझीच दावणीला ठेवून लोकांना तोंड कसं दाखवू?" डबा मात्र ठेवून घेतला.

आता ट्रॅक्टर तासावर मिळतो, इर्जिक गेली. पण 2016 ला पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, गावागावांनी श्रमदानातून पाणी अडवायची, सुरू झाली आणि पहिल्या तीन तालुक्यांत आपलं कोरेगाव होतं. तुझी आई पहिल्याच दिवशी श्रमदानाला गेली. मी नाही, मला वाटलं, फोटोपुरतं असेल. चौथ्या दिवशी पहाटे रस्त्यानं घमेल्यांचा खणखणाट ऐकून अंथरुणात पडवेना. टिकाव उचलला. म्हणजे मीही तात्याच! समतल चर खणताना हाताला फोड आले, मग बक्षिसाची हाव सुटली, पुढं नुसती सवय झाली. पहिलं बक्षीस वेळू गावानं नेलं, 50 लाखांचं. स्पर्धा संपल्यावरही आम्ही दोघं-तिघं पहाटे उठून उगाच माळावर जाऊन बसायचो. गप्पांची चटक लागली होती.

आणि हो, दिवाळीआधी खोलीतल्या पोरीला ताप आला तेव्हा तू रात्रभर जागलीस. ते तास कुठल्या डायरीत लिहिलेस? सर्टिफिकेटवाल्या पोरांनीही कुणासाठी असं काही केलं असेल, तुला कुठं माहीत आहे.

सात दिवसांच्या शिबिराला निघण्याआधी एकदा घरी येऊन जा. आपला हलका टिकाव घेऊन जा. तिकडं मिळतात त्यांचे दांडे सैल असतात.

तुझे,
पप्पा