सूडाच्या वाटेवरचा सारथी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून झाले. तू उभे केलेले राज्य, तिथल्या नद्या, देवता आणि शस्त्रे मला फार आवडली. अडखळलो तो एकाच प्रकरणापाशी. भावाच्या मृत्यूने वेडापिसा झालेला तुझा सेनानी एकटाच शत्रूच्या किल्ल्यावर चालून जातो आणि त्याची मैत्रीण दोन पानांचे भाषण करून त्याला परत फिरवते. भाषण सुंदर आहे, पण इतक्या ताज्या दुःखात तो माणूस ते ऐकून घेईल, हे मनाला पटत नाही. म्हणून महाभारतातल्या द्रोणपर्वाविषयी थोडे लिहितो.

युद्धाच्या १३व्या दिवशी अभिमन्यू मारला गेला. त्याच्यामागून चक्रव्यूहात शिरू पाहणाऱ्या पांडवांना शंकराच्या वराच्या बळावर जयद्रथाने अडवून धरले होते. हे कळताच अर्जुनाने प्रतिज्ञा केली, की उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ असे आपण ज्या थाटात म्हणतो, त्या थाटामुळे ही प्रतिज्ञा किती अविचारी होती हे आपल्या ध्यानातच येत नाही. पुत्रशोकात त्या माणसाने शत्रूच्या हाती आपल्या मरणाची वेळ देऊन टाकली होती. जयद्रथाला एक दिवस लपवून ठेवले की कौरवांचे काम झाले.

कृष्ण त्याला स्पष्ट शब्दांत सुनावतो, की माझ्याशी विचारविनिमय न करता तू हा अतिभार उचललास, आता जगात आपले हसे कसे होणार नाही? पण तो प्रतिज्ञा मागे घ्यायला सांगत नाही. हेरांनी आणलेली खबर तो अर्जुनापुढे ठेवतो: कर्ण, भूरिश्रवा, अश्वत्थामा, वृषसेन, कृप आणि शल्य हे सहा जण जयद्रथाच्या रक्षणाला उभे राहणार आहेत. मग तो सुभद्रेचे सांत्वन करतो आणि रात्री आपल्या सारथ्याला, दारुकाला, आपला रथ सज्ज ठेवायला सांगतो, कारण अर्जुनावाचून हे जग क्षणभरही पाहणे त्याला शक्य नाही. दुसऱ्या दिवशी व्यूहाच्या तोंडाशी द्रोण भेटतात, तेव्हा वेळ दवडू नकोस असे तोच बजावतो आणि अर्जुन गुरूंना प्रदक्षिणा घालून पुढे निघतो.

माझ्या मते खरी सुटका पुढे आहे. सूर्य कलू लागलेला, जयद्रथ अजून दूर, घोडे बाणांनी घायाळ आणि तहानेने व्याकूळ. अशा वेळी अर्जुन स्वतःच म्हणतो, की घोडे थकले आहेत, त्यांना सोडावे आणि त्यांच्या अंगातले बाण काढावेत. कृष्ण लगेच होकार देतो. अर्जुन रथातून उतरून पायी उभा राहतो, चहूकडून येणारे सैन्य थोपवतो, अस्त्राने जमीन फोडून पाणी काढतो, बाणांचा निवारा उभारतो. आणि कृष्ण आपल्या हातांनी बाण उपटतो, घोड्यांना चोळतो, पाणी पाजतो. आदल्या रात्री आगीत उडी घ्यायला निघालेल्या माणसाला भर रणात मुक्या जनावरांची तहान दिसली, याहून मोठा पुरावा मला नको. शेवटीही, जयद्रथाचे मस्तक जो जमिनीवर पाडील त्याच्या डोक्याची शंभर शकले होतील, हा जयद्रथाच्या पित्याचा, वृद्धक्षत्राचा वर कृष्णच आठवून देतो, आणि ते मस्तक समंतपंचकात संध्या करीत बसलेल्या त्या पित्याच्याच मांडीवर पडते.

याच्या उलट सौप्तिकपर्वातला, म्हणजे पांडवांच्या झोपलेल्या शिबिरावर अश्वत्थामा रात्री चालून जातो त्या पर्वातला, त्याचा मामा कृप पाहा. आज झोप घे, उद्या धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू, असा अगदी योग्य सल्ला तो अश्वत्थाम्याला देतो. अश्वत्थामा ऐकत नाही, आणि मग हाच कृप त्याच्याबरोबर जाऊन शिबिराच्या दाराशी उभा राहतो व पळून येणाऱ्यांना मारतो. तुझ्या मैत्रिणीचे भाषण मला कृपाच्या सल्ल्यासारखे वाटले, म्हणून काळजी वाटली.

तेव्हा तिला त्याच्याबरोबर जाऊ दे. तिला वाट ठाऊक असू दे, पहारे कुठे बदलतात ते ठाऊक असू दे, आणि रात्री तिने त्याला खायला लावावे. किल्ल्यावर पोहोचल्यावर तो काय करील हे तू आताच ठरवू नकोस; ती दोघे एक रात्र बरोबर चालली, की ते तुलाच दिसेल. नवे प्रकरण झाले की लगेच पाठव.

तुझा स्नेही