डळमळत्या विश्वासाला मंडळीची साथ हवी

महोदय,

कोरोनाकाळात चर्च बंद असताना उपासना मोबाइलवर आली आणि अनेक घरांत ती तिथेच राहिली. घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतींतून रविवारी सकाळी ठाणे स्टेशनजवळच्या जुन्या चर्चपर्यंत येणे जिकिरीचे आहे, हे मान्य. आजारी माणसांना तर अशा उपासनेचा मोठाच आधार आहे. काळजी वाटते ती ज्यांचा विश्वास डळमळला आहे त्यांची. नोकरी जाते, मूल आजारी पडते, प्रार्थना करवत नाही. मग 'आधी मन सावरू दे' म्हणत माणूस मंडळीपासून, म्हणजे चर्चमधल्या भाविकांपासून, दूर राहतो आणि एकटेपणात शंका अधिकच बळावते.

बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात (20:24-29) येशूचा शिष्य थोमा याने, मरणातून उठलेल्या येशूला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे स्पष्ट सांगितले. तरीही आठ दिवसांनी तो शिष्यांमध्येच होता आणि प्रभूची भेट त्याला तिथेच घडली. शिष्यांनी त्याला दूर लोटले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आमच्या मंडळीत पतीच्या निधनानंतर एक बाई कित्येक रविवार गीतपुस्तक मिटूनच बसत. शेजारच्या आजी काही न बोलता आपले पुस्तक त्यांच्यापुढे धरून ओळीवर बोट ठेवत आणि दोघींच्या वाटचे गात. मोबाइलच्या पडद्याला हे कसे जमावे?

पाळकांनी (धर्मगुरूंनी) व मंडळीच्या पंचांनी उपासनेला न येणाऱ्यांच्या घरी जावे, तेही वर्गणीसाठी नव्हे, तर विचारपूस करायला. आणि घोडबंदर भागात घरगुती प्रार्थनासभा नियमित भरवाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, ठाणे