स्प्रिंगचा नळ घेण्याआधी

कोल्हापूर, रविवार

चि. सौ. मृणालला अनेक आशीर्वाद.

परवा तू नव्या स्वयंपाकघरासाठी निवडलेल्या नळाचा फोटो पाठवलास, तो मी तीन-चारदा बघितला. उंच काळी मान, तिच्याभोवती स्प्रिंग, खाली हातात धरायचा स्प्रे. देखणा आहे, यात वाद नाही. अतुलदादा डिसेंबरात अमेरिकेहून येताना आणतो म्हणालाय, हेही वाचलं. फोनवर मी नुसतं ‘बघू’ म्हणालो, तेव्हा तू जरा खट्टू झालीस, ते कळलं मला. पण हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. पस्तीस वर्षं लोकांच्या घरांत आणि हॉटेलांत नळ बसवले, आता माझ्या लेकीच्या पहिल्या घरातला नळ चुकला तर मला चैन पडायचं नाही.

हा नळ मुळात हॉटेलातला. तिथे तो ओट्यावर नसतो, भांडी घासायच्या मोरीवर असतो. ताटं घासायला घेण्याआधी त्यांना चिकटलेला भात, रस्सा, पिठलं एका फटकाऱ्यात उडवून लावायचं, एवढंच त्याचं काम. स्प्रिंग शोभेची नसते. पाइपचा आणि स्प्रेचा भार ती उचलते, म्हणून दिवसभर हजार ताटं धुणाऱ्या माणसाचा हात भरून येत नाही. खटका दाबला की पाणी, सोडला की बंद. मी एका मंगल कार्यालयात असे चार नळ बसवले होते. लग्नाच्या दिवशी पंगत उठली की तिथली मुलं ज्या झपाट्याने ताटं काढायची, ते बघत राहावं असं असायचं. पण त्या मोरीमागे दाबाचा पंप होता, हात-हात खोल स्टीलची टाकी होती, आणि भिंतीला छतापर्यंत टाइल होत्या. कितीही उडालं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

घरासाठी जो मिळतो तो त्याचा चेहरा घेतलेला नळ. आत साधं मिक्सरचं कार्ट्रिज, म्हणजे गरम-गार पाणी मिसळून सोडणारा भाग, स्प्रेला बटण, बटणाने धार किंवा फवारा. वाईट नसतो. माझ्या हाताने बसवलेले कितीतरी आजही छान चालतात. मात्र त्याला पाण्याचा दाब लागतो, आणि तू सातव्या मजल्यावर राहतेस. वर थेट गच्ची.

आता हे नीट समजून घे. दाब मोजतात बारमध्ये, आणि पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 बार दाब. तुमच्या टाकीचा तळ गच्चीपासून दोनेक मीटर वर आहे, वास्तुशांतीला आलो तेव्हा मी वर जाऊन बघून आलोय. तुझा ओट्यावरचा नळ गच्चीच्या स्लॅबखाली आणखी दोनेक मीटर. मिळून झाले 4 मीटर, म्हणजे 0.4 बार. त्यातही एल्बो म्हणजे पाइपची वळणं, वॉल्व्ह, लांबचा पाइप यांच्यात थोडा दाब जातोच. तुझ्या पाचव्या मजल्यावरच्या मैत्रिणीला 6 मीटर जास्त उंची मिळते, तिचा दाब 1 बारच्या घरात. तिच्याकडे हाच नळ मस्त चालतो म्हणून तुझ्याकडे चालेल असं नाही. बिल्डिंग तीच, टाकी तीच, फरक फक्त दोन मजल्यांचा.

अमेरिकेतल्या नळाचं तर गणितच वेगळं. तिकडे स्वयंपाकघरातल्या नळाला मिनिटाला 2.2 गॅलन, म्हणजे 8.3 लिटर, अशी कायद्याची मर्यादा आहे, आणि ती मोजतात 60 पीएसआय दाबावर, पीएसआय हे तिकडचं दाबाचं माप. 60 पीएसआय म्हणजे आपले 4 बार. तुझ्याकडे त्याचा दहावा हिस्सा. दाब दहावा झाला की पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरतं, म्हणजे मिनिटाला अडीच-पावणेतीन लिटर. कुकर भरायला दोन मिनिटं उभी राहशील. शिवाय तिकडच्या नळांच्या जोडण्या बहुतेक 3/8 इंचाच्या, आपले अँगल कॉक, म्हणजे सिंकखालचे पाणी बंद करायचे छोटे कॉक, अर्ध्या इंचाचे. अडॅप्टर लावून जमवता येतं, नाही असं नाही. पण उद्या पाइप गळाला तर स्पेअर आणायला पुन्हा अतुलदादाचीच वाट बघायची का? त्याला म्हणावं, मायेने विचारलंस तेच खूप झालं, येताना छोटीला खाऊ आण.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू कॉलेजात असताना मी एका वरच्या मजल्यावरच्या घरात असाच नळ बसवला होता. मुलाने मुंबईहून आणून दिलेला, आईवडील दोघेच राहणारे. मी दाब मोजला नाही. नळ उभा केला, टेफ्लॉन टेप गुंडाळली, पाणी सुरू केलं, धार आली, पैसे घेतले आणि निघालो. सात-आठ महिन्यांनी त्यांच्या गीझरसाठी गेलो तर त्या काकू सिंकमध्ये बादली ठेवून मगाने भांडी विसळत होत्या. वर तो चकचकीत नळ. फवाऱ्याचं बटण दाबलं की पाणी नुसतं बोटांवर पडायचं, ताटाला लागलेलं शीतसुद्धा हलायचं नाही. मुलाला वाईट वाटेल म्हणून त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. मी त्याच दिवशी तो काढला, साधा लांब मानेचा नळ बसवला, मजुरी घेतली नाही. तेव्हापासून पाणी मोजल्याशिवाय मी कुणाला नळाचं नाव सांगत नाही.

तर तूही मोज. सकाळी सात-साडेसातला, सगळी बिल्डिंग पाणी वापरत असते तेव्हा. आताच्या नळाची जाळी काढ, एक लिटरचं माप खाली धर, नळ पूर्ण सोड आणि मोबाइलवर सेकंद बघ. सात-आठ सेकंदांत भरलं तर स्प्रिंगच्या नळाचा विचार करता येईल. पंधराच्या पुढे गेलं तर सोडून दे. तेच दुपारी तीनलाही करून बघ, फरक कळेल. शिवाय दुकानात खोक्यावर किंवा आतल्या कागदावर ‘किमान दाब’ छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. फ्लॅटपुरता छोटा प्रेशर पंप बसवता येतो, दुकानदार तेच सुचवेल. पण त्याचा आवाज, त्याची सोसायटीकडून परवानगी, आणि वीज गेली की पुन्हा मग नि बादली. एका नळासाठी मी तरी बसवणार नाही. सोसायटीने सगळ्या बिल्डिंगला बसवला तर गोष्ट वेगळी.

दाब मिळाला असं धरू. तरी तुझ्या ओट्यावर दोन अडचणी आहेत. सिंकच्या वर आईने दिलेलं ताटाळं टांगलंयस, त्याचा खालचा दांडा ओट्यापासून जेमतेम दीड फुटावर आहे. फोटोतला नळ 55 सेंटीमीटरचा दिसतोय, म्हणजे पावणेदोन फुटांपेक्षा जास्त. तो खाली बसणारच नाही, आणि बसला तरी स्प्रे ओढताना मान मागेपुढे होते, ती रोज ताटांवर आपटेल. दुसरं म्हणजे बिल्डरने पाण्याचा पॉइंट भिंतीत दिलाय. हे नळ ओट्यातून वर येतात, त्यांना खालून पाणी लागतं. टाइल फोडून पॉइंट खाली घ्यावा लागेल, आणि ग्रॅनाइटला 35 मिलिमीटरचं भोक कोअर कटरने पाडावं लागेल. तुझ्या ग्रॅनाइटखाली कडाप्पाही आहे, दोन्ही मिळून चाळीसेक मिलिमीटर जाडी. नळाची खालची नट तेवढी पुरते का, ते घेण्याआधी विचार. भोक पाडून झाल्यावर नट पुरत नाही असं कळलं की घरातल्या सगळ्यांचं तोंड कसं होतं, ते मी पाहिलंय.

सिंक सहा-सात इंच खोल असेल तर फवारा पोटावर उडतो. तुझं मला आठवत नाही, टेप लावून बघ. आठ-नऊ इंच असेल तर बरं.

आणि एक, जे कुणी विचारत नाही. तुझ्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना विचारलंस का? तो नळ दिवसातून दोनदा तास-तासभर त्यांच्या हातात असणार. त्या तुझ्या खांद्याला लागतात, उंचावरचा स्प्रे प्रत्येक वेळी हात वर करून ओढायचा, परत अडकवायचा. तुझ्या आईने मंगल कार्यालयातला खटका एकदा दाबून पाहिला होता, संधिवाताची बोटं, दोन ताटांत दमली. म्हणून घ्यायचाच तर एकदा दाबलं की तसंच राहणारं बटण असलेला घे, धरून ठेवावा लागणारा नको. जमलं तर मावशींना दुकानात घेऊन जा. त्यांच्या हाताला जो हलका वाटेल तो नळ चांगला.

तुझ्याकडे गॅस गीझर आहे, तो ठरावीक पाणी वाहिल्याशिवाय पेटतच नाही. फवाऱ्याने पाणी कमी झालं की तो मधेच विझतो आणि हातावर एकदम गार पाणी. थंडीत मावशींना हे रोज सोसावं लागेल. शिवाय स्प्रेला बंद करायचं बटण असेल तर नुसतं ते दाबून निघून जायचं नाही, नळाचा खालचा दांडाही फिरवून पाणी बंद करायचं. नाहीतर दिवसभर सगळा दाब पाइपवर राहतो, आणि पाइप फुटतो तो बहुधा तुम्ही दोघं ऑफिसात असताना. नॉन-रिटर्न वॉल्व्ह आत आहे ना, हेही विचार. स्प्रे खरकट्या पाण्यात बुडून राहिला आणि लाइन रिकामी झाली, तर ते पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं.

तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. क्षार स्प्रेच्या छिद्रांत बसतात, धारा वाकड्यातिकड्या जातात. रबरी टोकं असलेला स्प्रे घेतलास तर अंगठ्याने चोळलं की क्षार निघतो. नाही निघाला तर कोमट पाण्यात लिंबूसत्व टाकून रात्रभर भिजत ठेव. संडासचं ॲसिड चुकूनही लावू नकोस, वरचा मुलामा खातं. स्प्रिंगच्या वेढ्यांत तेलकट काळं जमतं, ते जुन्या ब्रशने काढावं लागतं. फोटोत ते कधी दिसत नाही.

मला विचारशील तर आत्ता पितळेचा, लांब वळत्या मानेचा मिक्सर घे, चाळीस सेंटीमीटरच्या आतला, पुढे धार-फवारा अशी दोन्ही सोय असलेली जाळी लाव. कमी दाबालाही तो निभावून नेतो. पॉइंट मात्र आत्ताच खाली घेऊ आणि भोक 35 मिलिमीटरचंच पाडू. सोसायटीने पंप बसवला की त्याच भोकात तुझा काळा स्प्रिंगवाला नळ अर्ध्या तासात उभा करून देईन. ताटाळंही तेव्हा बाजूच्या भिंतीवर हलवू.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. पाना, टेप, दोन अँगल कॉक माझ्याकडे आहेत, कोअर कटर तिथेच भाड्याने मिळेल. त्याआधी दोन्ही वेळचे सेकंद, सिंकची खोली आणि ताटाळ्याची उंची मला कळव. आईने मेतकूट आणि कटाच्या आमटीचा मसाला दळलाय, तेही आणतो. अमोलरावांना नमस्कार, छोटीला पापा.

तुझे बाबा