ड्रॅग टायरची जोडी बदलून मिळणेबाबत

पुणे
२० जानेवारी २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पुणे कार्यालय

विषय: ‘ताजा माल’ म्हणून विकलेल्या जुन्या टायरबाबत तक्रार

महोदय,

नोव्हेंबरमध्ये मी तुमच्या वेबसाइटवरून ड्रॅग रेडियल टायरची, म्हणजे उभ्या जागेवरून सरळ पट्टीवर सुसाट सुटायच्या ड्रॅग शर्यतीसाठीच्या टायरची, एक जोडी घेतली. बिल, कोटेशन आणि ईमेलच्या प्रती सोबत आहेत. कोटेशनवर ‘ताजा माल, एक वर्षाच्या आतलं उत्पादन’ असं तुम्हीच लिहिलेलं आहे. टायर रिमवर चढवले तेही तुमच्याच सेंटरवर.

माझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. या गाड्यांचं दुखणं तुम्हाला सांगायला नको. क्लच सोडला की वजन मागे जातं आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक करून घेतल्या, एकच चाक फुकट फिरू न देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवलं, टू-स्टेपवर, म्हणजे गाडी सुटताना इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेवर, लाँचचे (सुटतानाचे) आरपीएम उतरवले. राहिले होते टायर. परदेशात पट्टीवर चिकट रसायन मारलेलं असतं. आपल्याकडे आंबी व्हॅली म्हणा नाहीतर आणखी कुठली, विमानाच्या धावपट्टीवरच पळायचं. तिथे पकड द्यायची ती टायरच्या रबराने, दुसरं कोण देणार?

तुमच्या टायरवर पहिल्या साठ फुटांना २.४ सेकंद लागले. त्याच गाडीला, त्याच पट्टीवर, रोजच्या रस्त्याच्या टायरवर २.३ लागत होते. म्हणजे पैसे मोजून मी गाडी हळू करून घेतली.

फोन केल्यावर तुमच्या तंत्रज्ञांनी सांगितलं, ‘क्लच हळू सोडायला सांगा.’ हे ते माझ्या नवऱ्याला सांगत होते. गाडी मी चालवते. नवऱ्याला गिअर कितवा पडला तेही कळत नाही.

मग सल्ला आला, हवा १२ पीएसआयवर आणा. तुमच्याच पत्रकात १६ ते २० लिहिलंय, तरी करून पाहिलं. डांबरावर दोन कडांचे काळे पट्टे उमटले आणि मधला भाग फिका राहिला. हवा कमी पडली की टायरचा मधला भाग उचलला जातो, त्याची ही खूण. १८ वर पट्टा या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा काळा होता. इन्फ्रारेड गनने आतलं, मधलं, बाहेरचं तापमान घेतलं, तेही जवळपास एकच. म्हणजे हवेचा प्रश्न नव्हता.

त्यानंतर ‘बर्नआउट वाढवा’, म्हणजे सुटण्याआधी चाकं जागेवरच फिरवून टायर आणखी तापवा. बर्नआउटनंतर चांगलं ड्रॅग रबर बोटाला चिकटतं, पट्टीवरची खडी उचलतं. या टायरवर बोट फिरवलं तर कोरडी काळी भुकटी हाताला आली आणि कडेला निळसर झाक दिसली. असं रबर जितकं तापवाल तितकं आणखी कडक होतं.

शेवटी चाकं उतरवून टायर आतल्या बाजूने पाहिले. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि तुमच्या माणसाने दोन्ही टायर ती बाजू आत करून चढवले होते. योगायोग असेल. एकावर ३११९, दुसऱ्यावर ०८२१. म्हणजे एक २०१९ च्या एकतिसाव्या आठवड्यातला, दुसरा २०२१ च्या आठव्या. ताजा तर नाहीच, जोडीसुद्धा नाही.

भोसरीत रबरी सुटे भाग बनवणाऱ्या एका ओळखीच्यांकडून रबराचा कडकपणा मोजणारा ड्युरोमीटर आणला. दुसऱ्या टीमकडे याच मॉडेलचा अलीकडचा टायर होता, त्याच्या शेजारी सावलीत ठेवून मोजलं. शोअर ए या मापात आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. त्यांचा ५४. माझा २०२१ चा ६३ आणि २०१९ चा ६७. मग माझ्या दोन्ही टायरवर खडूची खूण करून सपाट फरशीवर एकेक फेरा गडगडवला, टेप लावली: परिघात १४ मिलिमीटरचा फरक. लाँचला गाडी लहान टायरच्या बाजूला ओढते, तेही तुम्ही माझ्या स्टिअरिंग धरण्यावर ढकललं होतं. फोटो सोबत आहेत, त्यात ड्युरोमीटरचा काटा आणि टायरवरचा कोड एकाच चौकटीत दिसतो.

तुमच्या शेवटच्या ईमेलमध्ये म्हटलंय की न वापरलेला टायर नवाच असतो. पिशवी फोडली नाही म्हणून महिन्याभराचं दूध ताजं ठरत नाही. टायर नुसता पडून राहिला तरी रबरातलं तेल उडतं, हवेतल्या ऑक्सिजनने ते कडक होतं आणि उष्णतेने हे सगळं लवकर होतं. तुमच्या सेंटरमागची पत्र्याची शेड मी पाहिली आहे. एप्रिलमध्ये तिथे काय होत असेल ते या शहरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

माझी मागणी साधी आहे. एकाच आठवड्यातले, कोटेशनप्रमाणे एक वर्षाच्या आतले दोन टायर द्या आणि चढवण्याआधी कोड मला दाखवा. तसा माल नसेल तर टायर, फिटिंग आणि बॅलन्सिंगचे पूर्ण पैसे परत करा. क्रेडिट नोट चालणार नाही. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे तुमचं मुख्य कार्यालय कुठल्या शहरात आहे याने मला फरक पडत नाही.

आपली,
कोथरूडची एक ग्राहक

ता. क. टायर रिमवरून उतरवायची मजुरी तुमच्याकडे. मागच्या वेळी चढवताना डाव्या रिमच्या कडेला ओरखडा पाडलात, तो या मागणीत धरलेला नाही. अजून तरी नाही.