मी पाण्यात उतरले, आई

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र आधी बाबांना वाचू दे, मग तू वाच. मी डायव्हिंग शिकले. हिवाळाभर तरणतलावात सराव केला आणि गेल्या रविवारी मिशिगन सरोवरात उतरले. फोनवर सांगणार होते, पण तू "जेवलीस का?" विचारलंस आणि जीभच उचलेना.

नानाकाकांचा मचवा मी विसरलेले नाही. त्यानंतर आपल्यातलं कुणी खाडीत पाऊल टाकलं नाही, तेही नाही विसरले. म्हणून तर शोधून असं जहाज निवडलं, की ते गेलं पण त्यातलं माणूस एकही गेलं नाही. 'ॲपोमॅटॉक्स' त्याचं नाव. मिलवॉकीला लागून शोअरवुड आहे, तिथल्या ॲटवॉटर किनाऱ्यासमोर पडलंय. काठापासून दीड-दोनशे यार्ड. पाणी पंधरा-वीस फूट, आपल्या विहिरीला पावसाळ्यात याहून जास्त असतं.

बाबा, आबांनी हे बघायला हवं होतं. ३१९ फूट लांब, ४२ फूट रुंद, आणि सगळं लाकडाचं! जेम्स डेव्हिडसन नावाच्या माणसाने १८९६ साली मिशिगन राज्यातल्या वेस्ट बे सिटीत बांधलं. तोवर बाकीचे पोलादाकडे वळत होते, हा मात्र लाकूड सोडेना. एवढं लांब जहाज लाटेवर मधेच वाकतं, सांधे उघडतात. म्हणून त्याने लाकडाला पोलादी पट्ट्यांनी आवळून टाकलं. आबांची कारागिरी आणि हे, दोन्ही मला एकाच घरातलं वाटतं.

२ नोव्हेंबर १९०५. पोटात कोळसा, मागे ओढत आणलेला 'सँटियागो' हा पडाव. मिलवॉकीच्या कारखान्यांचा धूर धुक्यात मिसळला, किनारा दिसेना, दोन्ही तळाला रुतली. सँटियागो सुटला. हे हलेना. दोनेक आठवडे खटपट करून शेवटी सोडून दिलं. खलाशी मात्र सगळे सुखरूप उतरले. आई, सगळे.

खाली गेल्यावर आधी फक्त शिंपलेच दिसले, फळ्यांवर दाटीवाटीने बसलेले. मग एका जागी वीतभर लाकूड उघडं होतं. त्याच्या शिरा मोजता येत होत्या. एकशेवीस वर्षं पाण्यात! आबा ज्याच्या नावाने बोटं मोडायचे तो लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात नसतो ना. पाण्यातच मला आबांच्या हातोड्याचा आवाज आठवला, होडीच्या फटीत कापूस ठोकतानाचा. मी बाबांच्या खांद्यावर बसलेली, तेलाचा वास, आणि तू लांबून हाक मारतेस, "पोरीला उन्हात नको नेऊ." ते एवढंसं लाकूड सोडून वर यावंसं वाटेना.

तर मी उन्हाळाभर जाणार आहे. विचारत नाहीये गं, सांगतेय, आणि ते सांगतानाच पोटात कालवतंय. एकटी कधीच जाणार नाही. हनुवटीपर्यंत जाड सूट असतो, थंडी वाजत नाही. वर आल्यावर थर्मासमधला आल्याचा चहा, घरी मुगाची खिचडी, तूप घालून. झोपही चांगली लागते. तिथला खिळासुद्धा उचलायचा नसतो, त्यामुळे आठवण म्हणून काही आणणार नाही, पण फोटो पाठवते. बाबा, तुम्ही भिंगातून बघा.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळी चहाआधी, आठवेल तेव्हा नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला सांगितलाय, त्याला परत पाठवू नका. आई, गुडघ्याला तेल लावून घे, आणि माळ्यावर चढायचं नाही म्हणजे नाही. अंगणातले नारळ पडले तर पडू देत.

राग आला तर फोन करून ओरड, पण अबोला धरू नकोस. रविवारी मी पाण्यातून वर आल्याबरोबर पहिला फोन तुलाच करीन. तुमच्याकडे रात्र झालेली असेल. उचल.

तुमची,
चिमी