निळं कार्ड, लाल कार्ड

बर्लिन

तीर्थरूप आबांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं फौज बाहेर धाडायची तर ठरवतं कोण?" आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून कागद घेतला.

इथं जर्मनीत संसद ठरवते. सरकारच्या मनात आलं म्हणून भागत नाही. 12 जुलै 1994 ला कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयानं निकाल दिला, की सशस्त्र सैनिक परदेशी मोहिमेवर जायचे तर बुंडेस्टागची, म्हणजे इथल्या संसदेची, संमती हवी. 2005 मध्ये तसा कायदाही झाला. कुठं, किती दिवस, जास्तीत जास्त किती माणसं, सगळं प्रस्तावात लिहायचं. खासदारांनी त्यात काना-मात्राही बदलायचा नाही, फक्त हो किंवा नाही. लेबनॉनसाठी 2025 च्या ठरावात मर्यादा 300 ची होती. (तिथं संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून आपलेही जवान होतेच.)

मला भावलं ते मतदान. अशा वेळी नुसते हात वर करून सहसा भागत नाही. प्रत्येक खासदाराचं नाव छापलेली कार्डं असतात: निळं म्हणजे हो, लाल नाही, पांढरं तटस्थ. कुणी कुठलं टाकलं ते नंतर कुणालाही वाचता येतं. 2001 मध्ये अफगाणिस्तानच्या वेळी चॅन्सलर श्रोडरांनी अशाच ठरावावर स्वतःची खुर्ची पणाला लावली. 334 मतं लागत होती, 336 पडली!

पळवाट मात्र आहे. ऑगस्ट 2021 मध्ये काबूलहून माणसं काढायची घाई होती, तेव्हा विमानं आधी गेली. संसदेनं 25 तारखेला होकार दिला आणि 26 ला मोहीम संपलीसुद्धा. तातडीच्या वेळी कायद्यात तशी सूट आहे म्हणे.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सैनिक म्हणून अफगाणिस्तानातल्या कुंदुझला दोनदा जाऊन आलेत. त्यांनी आपल्या खासदाराचं कार्ड शोधून काढलं. निळं. पुढं तो बाजारात भेटला तेव्हा यांनी विचारलं, "आम्ही तिथं रोज काय करतो, हे माहीत होतं तुम्हाला?" तो बराच वेळ बोलला, पण उत्तर काही मिळालं नाही, असं काका सांगतात.

आपल्या राज्यघटनेत अशी अटच नाही. 29 जुलै 1987 ला कोलंबोत श्रीलंकेशी करार झाला आणि लगेच आपली फौज तिकडं निघाली. तुम्ही जाफन्याला आहात हे आईला रेडिओच्या बातम्या ऐकून अंदाजानं कळलं, असं ती अजून सांगते. आबा, परत आल्यावर तुम्हाला कधी कुणाला विचारावंसं वाटलं का? आणि विचारायचं तर कुणाला?

फोनवर तुम्ही बोलणार नाही, ठाऊक आहे. सावकाश लिहा.

तुमची,
धाकटी